उभ्या रेघांचा शर्ट

...नाही, पण फळ का, मला एवढंच सांगा! जाड म्हणा, ढब्बू म्हणा, शाळेत सगळे म्हणायचेच आणि मी ओसुद्धा द्यायचो, पण पोटची मुलगी मोबाईलमधून मान वर काढते आणि डॉक्टरनं रिपोर्ट सांगावा तशा आवाजात म्हणते, "बाबा, तुम्ही सफरचंद आहात!" म्हणजे काय, तर म्हणे माणसांचे आकार असतात, कुणी त्रिकोण, कुणी आयत, आणि ज्याचा सगळा माल मध्यावर येऊन साठलाय तो सफरचंद, आणि ज्यानं त्यानं आपला आकार ओळखून कपडे घालायचे. अहो, मी वजनकाटे तपासणारा माणूस! मला लांबून येताना पाहिलं की दुकानदार काटा पुसायला घेतात, आणि माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर, माझंच माप निघतंय! पण करता काय? म्हटलं, बरं.

कारण तुम्हाला सांगतो, प्रसंगच तसा होता. मुलीनं मुलगा पसंत केलेला, गुणी मुलगा, आमची ना असण्याचा प्रश्नच नाही. पण त्याचे आईवडील रविवारी पहिल्यांदाच आम्हाला भेटणार, हॉटेलात, जेवायला, आणि आई म्हणे फार टापटिपीची. तर मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मला तुमची लाज नाही वाटत हो... पण..."

तो 'पण' ऐकलात? जन्मभर मी वजनं तपासली, पण एवढ्या जड 'पण'ला लावायला माझ्याकडे वजन नव्हतं. म्हटलं, बरं. जाऊ कपडे घ्यायला.

गेलो. ही, म्हणजे आमची सौ., मी आणि मुलगी. तिथला सेल्समन हा एवढा काटकुळा, त्याला हँगरला अडकवला असता तर शर्टांत हरवला असता, तो माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणतो, "सर, आडव्या रेघा बंद! आडव्या रेघा माणसाला पसरवतात!" ही म्हणाली, "यांना आणखी पसरायला जागा कुठाय?" कुणासमोर? अख्ख्या दुकानासमोर! मी म्हटलं, बाबा रे, जरा सैल दे. तर म्हणतो, "सैल घातला तर तंबू, सर." मग घट्ट? "घट्ट घातला तर उशी." मग मी करू काय, उघडा जाऊ? तर मान तिरकी करून विचार करतो हो तो, नाही म्हणत नाही!

शेवटी त्यानं काळा शर्ट काढला, बारीक पांढऱ्या उभ्या रेघांचा, आणि मला ट्रायल रूममध्ये कोंबला. आता त्या खोलीला तिन्ही बाजूंनी आरसे कुणी लावले? घरच्या आरशात माणूस दाढीपुरता दिसतो, तेवढाच बरा असतो. इथं मी जिकडे वळावं तिकडे मीच! आयुष्यात पहिल्यांदा मी माझी पाठ पाहिली, आणि तुम्हाला सांगतो, पाठीलाही पोट आहे! त्यात हात वर करून शर्ट डोक्यातून घातला, तो खांद्याशी असा अडकला की वर जाईना, खाली येईना. आत मी अंधारात, बाहेरून हिचा आवाज, "झालं का हो?" म्हटलं, होतंय. "मदत पाठवू का?" म्हटलं, नको. आणि तोवर तो काटकुळा आत! एक बाही धरून त्यानं असा हिसका दिला की मी भिंतीवर, पण शर्ट अंगात. "श्वास आत घ्या, सर," म्हणाला, आणि पटापट उरलेली बटणं लावून पडदा सरकवला.

मुलगी बघतच राहिली. "बाबा! किती बारीक दिसताय!" अहो, काय चेहरा फुलला होता तिचा! आता तिला कसं सांगू, की बाळ, मी श्वास सोडलेला नाही म्हणून तसा दिसतोय? म्हटलं, बरं. हाच घेऊ.

रविवार उजाडला. हॉटेलात आम्ही आधी पोचलो, मी खुर्चीच्या कडेवर, ताठ, पोट आत, तोंडावर हसू. आणि दार उघडलं. मुलगा आला, मागून त्याची आई आली, खरंच टापटिपीची, आणि तिच्यामागून... सफरचंद! हुबेहूब! काळा शर्ट, उभ्या रेघा, तोंडावर तेच गुदमरलेलं हसू! दुकान तेच, सेल्समन तोच, दुसरं काय असणार! हे होणारे व्याही मोटार चालवायला शिकवतात, बोलका माणूस म्हणून ऐकलं होतं, पण बोलायला हवा नको का? आम्ही दोघं समोरासमोर, 'हं', 'हो', 'वा', एवढंच! बायकांना वाटलं, यांचं पटलेलं दिसत नाही. मुलीचा चेहरा उतरायला लागला. माझ्या जिवाची नुसती तगमग, पण बोललो तर श्वास सुटतो, न बोललो तर सोयरीक!

तेवढ्यात व्याही मेनूकार्ड घ्यायला पुढे वाकले आणि... टण्ण! बटण उडालं ते थेट विहीणबाईंच्या ग्लासवर! विहीणबाईंनी डोळे मिटले. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझी मधली तीन बटणं अशी ताणलेली पाहिली, आणि म्हणाले, "सोडा हो तुम्हीपण. एकदम नको. क्लच सोडतात तसा... हळूहळू."

आणि मी सोडला! अहो, ते पोट टेबलाला येऊन असं भिडलं की चमचे वाजले! आधी विहीणबाईंना हसू फुटलं, मग ही, आणि मुलगी उठून माझ्याजवळ आली, माझ्या गळ्याचं बटण तिनं स्वतःच्या हातानं काढलं. "बाबा," म्हणाली, "घ्या आता श्वास." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. माझ्याही होतं, पण माझं हवा लागल्यानं असेल.

मग काय, जेवणं झाली, लग्न ठरलं, सगळं छान झालं. मी आणि व्याही हात धुवायला उठलो, सारख्या शर्टात, एकामागोमाग एक, तर पलीकडच्या टेबलावरच्या बाई चुटकी वाजवून म्हणतात, "अहो, किती वेळ झाला! आधी पाणी आणा आणि ऑर्डर घ्या!"

मी व्याह्यांकडे पाहिलं. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता सांगत बसणार कोण, आणि काय?

पाणी मी नेलं. ऑर्डर व्याह्यांनी घेतली.