माहेरची मासोळी

तिथी? त्या पाटीवाल्या हाटेलात? — थू! बसा सायेब, इथीच बसा, टोपल्यापासून थोडं सरकून, पानी गळते. चांदा नवा दिसते तुमाले. चांगलं जेवन कुठी भेटते म्हनून मासोळी विकनाऱ्याले इचारलं ना, मंग आयका. या स्टँडभोवतालच्या समद्या खानावळीले वीस वर्सं मासोळी पोचवून राह्यलो — कोनाच्या गंजात काय शिजते मले नाई तं कोनाले ठावं? थो कोपऱ्यावरचा — सकायचं वरन संध्याकाळी, संध्याकाळचं दुसऱ्या दिशी, मधात फक्त पानी वाढते. आन् तिकडं घुग्घुसच्या ट्रकवाल्यायचा ढाबा — तिखट इतलं घालते का खाली काय आहे थे जिभेले कळूच नये. काऊन घालते? माल शिळा असते म्हनून! कोनाचा माल? — माहाच. राह्यला-सायला थोच नेते. किळस येते सायेब, मी तं घरून भात बांधून आनतो.

चांगली होती एक — देवकाबाईची. थे बंद दार दिसते ना, सायकल टेकवली आहे, थे. सावली तालुक्याकडची, माह्याच गावची लेक. तलावाची मरळ जवसाच्या तेलात रांधे, वरून हिरवा सांबार, कोथिंबीर म्हंता ना तुमी, चिरून टाके — लोक बोटं चाटत. दुसऱ्या मासोळीवाल्याचा एकेक कल्ला उघडून पाहे, आतून लाल असला तरच घे. माहा नाई पाहे. माहेरच्या मानसानं आनलेली मासोळी तपासत नसते, माहेराले बट्टा लागते म्हने. म्या टोपलं टेकवलं का पह्यले पानी दे — 'मनसारामभाऊ, जेवून जाजो.'

चौऱ्यांशीचा उन्हाळा — मूल गावाच्या पुढं जंगलात यष्टी बिघडली, अर्धा दिवस टोपलं टपावर उनात. फेकून द्यावं का नाई? द्यावं! पन म्या काय केलं — खाटकाकडून बकऱ्याचं रगत आनलं आन् त्या नळामागं बसून बोटानं एकेक कल्ला रंगवला. तोंड नोका वाकडं करू, मले कळते. आन् तिनं पायलंच नाई, सायेब! एकबी कल्ला उघडला नाई. जेवून जा म्हने, तं पोट दुखते म्हनून उठलो.

अकरा जन दवाखान्यात गेले. गिऱ्हाईक दारात येऊन थुकले. मासोळी कोनाची होती, लोकायनं इचारलं, तं म्हने, 'मासोळी माहेरची, थे खराब कशी असन? माहंच तेल खराब झालं असन.' तेल! माहं नाव नाई घेतलं. आता गावात लोकायच्या बांधीत धान रोवन्याले जाते. रस्त्यात भेटली का म्हनते, 'भाऊ, जेवून जाजो.' अजूनबी! मले माह्याच हाताचा वास येते सायेब, साबन लावून पायला, जात नाई.

जाऊ द्या थे. — काय? रेस्ट हाऊसचा खानसामा रांधून देते, एक मरळ द्या म्हंता? घ्या ना, आजचीच आहे, पाहाटंची. — थांबा, तशी थैलीत नोका टाकू, अगुदर कल्ला उघडून पाहा. पाहा ना! — काऊन नाई? इतलं खरं सांगनाऱ्यावर भरोसा आहे म्हंता? — ठेवा. ठेवा थे मासोळी खाली. नाई विकत मी तुमाले. त्या पाटीवाल्याकडं जा, कुठीबी जा — उठा म्हनलं ना!