ओटीपी त्यायच्या खिशात

नाही हो शेखरभाऊ, फोन बिघडला नाही, नवाच हाय — दिवाळीले समीक्षानं, माह्या पोरीनं घेऊन देल्ला — मले फक्त ते शेतीचे मेसेज याच्यात पाह्यजे. पानी येनार, अळी आली, कोन्तं औषध मारा — ते. आता कुठं येतेत? समीक्षाच्या बाबाच्या फोनवर! वावर त्यायच्या नावावर, नंबर त्यायचा — अन् वावरात कोन राबते? मी. निंदन मी, फवारनी मी, सोंगनी मी — अन् ते पारावर बसून मेसेज वाचतेत, मोठ्यानं, सारं गाव आयकते.

ते घरी काऊन सांगत नाहीत? तेच तं! दसऱ्याच्या आसपास सोयाबीन सोंगून, कापून वावरात पडेल होतं. पान्याचा मेसेज आला — शेजारच्या अविनाशनं झाकलं, कौशल्याबाईनं झाकलं, आमच्याच फोनवरून आयकून — अन् आमचं भिजलं, कोंब फुटले बाप्पा! इचारलं तं म्हनतेत, तुले सांगाचं राह्यलं. राह्यलं! मंग माहंही डोकं सरकलं — गेली पारावर, चार लोकायच्यात म्हनलं, मोबाईल चाटून पोट भरते का तुमचं? तवापासून बोलनं बंद. मी ताट सरकवते, ते जेवतेत. बस.

आता हरभऱ्याले घाटे लागले, त्या शेंगायले अळी भोकं पाडून राह्यली. औषधाचा मेसेज आलाच असंन — पन कोनाले इचारू? पारावरच्यायले? म्हून धाडवरून चिखलीले तुमच्या दुकानात आली.

ओटीपी? मंग येऊ द्या न — काय? त्यायच्याच फोनवर जाते? जुन्या नंबरवर? मंग माह्या हातात काय राह्यलं भाऊ! नाही, मी नाही इचारत. जीव गेला तरी — बरं. अळी काही माह्यासाठी थांबत नाही. लावा. त्यायले माह्याच फोनवरून लावा.

उचलला? बोला न तुम्ही. मी? …

…

आयकलं? ‘कोन बोलून राह्यलं’ म्हनतेत. दोनदा म्हनलं. समीक्षानं माहा नंबर टाकून देल्ला होता त्यायच्या फोनात, ‘आई’ म्हून — म्या सोता पाह्यला होता. पुसला त्यायनं. मले वाटलं, बोलत नाहीत, पन नंबर तं असंन.

नाही, परत नका लावू. द्या इकडं. माही पिशवी कुठं ठेवली म्या — हं. अळीचं काय? खाऊ द्या तिले. सरका भाऊ, धाडची जीप निंगंन.