श्वास भरल्यावरचं माप

—अगं, हात खाली सोड, बुजगावण्यासारखी उभी राहू नकोस. टाचणी टोचणार नाही, आजवर कुणाला टोचली नाही माझ्या हातून. झगा घट्ट होतोय? कुठं, छातीत? बघू. हं, होतोय खरा. काय खाल्लंस एवढं? — काहीच नाही? मग कापड आटलं असेल. सुती कापड आटतंच — अजून धुतलंय कुठं म्हणतेस, तेही खरंच, आणि शिवायच्या आधी मीच पाण्यातून काढलं होतं. मग कसं झालं कोण जाणे. सरळ उभी राहा.

रविवारी चर्चमध्ये शेवटचं कडवं तू एकटी गाणार. ते कडवं माझं होतं, ठाऊक आहे ना? कोण बोललं, पाळकबाई? नको सांगूस, मीच सांगते. इतकी वर्षं मीच गायचे, तुझ्या आईच्या लग्नात मीच गायले, तेव्हा तू कुठं होतीस! मग वरच्या सुराला माझा आवाज फाटला — एकदा. बरं, दोनदा. तर पाळकबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, आता तुम्ही मागच्या ओळीतून आधार द्यायचा. आधार! आधार खांब देतो, बाई. मी म्हटलं, प्रभूची इच्छा. तोंडानं म्हटलं, आत काय चाललं होतं ते प्रभूलाच माहीत — नाही, मलाही माहीत होतं. आणि ते कडवं कुणाला दिलं, तर तुला. माप द्यायला तू माझ्याकडेच येणार, गाणाऱ्यांचे झगे मीच शिवते ना. म्हणजे बघ, दुसऱ्याच्या बारशाला आपणच पाळणा बांधायचा. — हसू नकोस, टाचणी सुटेल.

मला राग नाही हं तुझा. मत्सर आहे. राग वेगळा, राग आला की भांडी आपटली, संपलं. मत्सर मुकाट्यानं घरात राहतो, घरजावयासारखा. पाळक म्हणतात, मोह दारात आला तर त्याला खुर्ची देऊ नका. मी नाही दिली. तो त्या स्टुलावर बसला. मी प्रार्थना करायची — प्रभू, त्या पोरीचं भलं कर. लगेच पुढं तोंडातून यायचं, आणि तिचा घसा बसू दे. मग गुडघ्यावरच परत पहिल्यापासून, प्रभू, भलं कर, घसा शाबूत ठेव — पण शनिवारी थोडा बसू दे. देवसुद्धा कंटाळला असेल. शेवटी प्रार्थनासभेत उभी राहिले, म्हटलं, बहिणींनो, माझ्यासाठी प्रार्थना करा, मी फार त्रासात आहे. मत्सर हा शब्द काही निघेना बाहेर. सगळ्यांना वाटलं, गुडघे दुखतायत. किती कळवळून प्रार्थना केली सगळ्यांनी माझ्या गुडघ्यांसाठी! आणि गंमत अशी, की गुडघे खरंच बरे झाले.

वळ जरा. पाठ बघू. — खांद्याला नीट बसलाय, बाहीही सुरेख, शिवण वाईट नाही माझी. फक्त छाती. आता गाणाऱ्याचं माप कसं घेतात, माहितीये? श्वास पूर्ण भरायला लावायचा, मग टेप. छाती फुगली की जे माप येईल ते, वर दोन बोटं सैल. माझ्या आईनं शिकवलं मला हे. पुरुषांचे, बायकांचे, त्या जाड्या पेटीवाल्याचासुद्धा झगा मी असाच मापला, तो तर श्वास भरून लालबुंद झाला होता. आणि तुला काय म्हटलं मी? आठवतं? — हो. श्वास सोड म्हटलं. सोडलास तू, चांगली पोर आहेस, सांगितलं ते केलंस. मग मी टेप लावली.

कसं काय म्हटलं कोण जाणे, असं आता नाही म्हणता येणार मला. माहीत होतं. टेप लावताना हात थंडगार, डोकं शांत. म्हटलं, खालच्या सुरांना काही होणार नाही, वरच्याला श्वास पुरणार नाही, बस्स. कुणी झग्याला दोष देतं का? पोर घाबरली म्हणतील. — अशी बघू नकोस माझ्याकडे. बघ, बघ, हक्क आहे तुझा.

पण ऐक. शिवण घातल्यावर आतलं जास्तीचं कापड कापतात. ते कापलं की झगा परत कधी सैल होत नाही, बसा रडत. कात्री घेतली मी. ठेवली. घेतली. भात करपला, तरी मी कात्री घेऊन बसलेली. आणि म्हटलं, प्रभू, आता मला काही चांगलं बोलता येत नाहीये, तूच हात धर. — धरला की काय, ठाऊक नाही. कात्री ठेवली एवढं खरं. आत बघ, हात घाल बगलेत — लागलं? जास्तीचं कापड सगळं तसंच आहे. थांब, हलू नकोस, ब्लेड आहे हातात. दोन्ही बाजू उसवते, तिथंच टाचते, कच्चे टाके घालते. हं. आता श्वास भर. अजून. अगं भर, लाजतेस काय! — अरे देवा. एवढा मावतो तुझ्यात?

गा बघू ती वरची ओळ. इथंच. गा.

...

बरं. पुरे.

काढ तो झगा. नाही, छान गायलीस, फार छान, तेच तर. मला वाटलं होतं, झगा उसवला की मत्सर गेला. तो बघ, परत स्टुलावर. झगा घडी कर आणि घेऊन जा — असाच, कच्च्या टाक्यांचा. पक्की शिवण तुझ्या आईला घालायला सांग, खालची पट्टीही. रविवारपर्यंत इथं ठेवू नकोस, माझ्याजवळ तर मुळीच नको. मी मागच्या ओळीत असेन. आणि जाताना ती कात्री शेजारणीकडे देऊन जा, म्हणावं सोमवारी नेईन.

जा, पोरी. दार ओढून घे.