कट्ट्यावरची बाई

— नाही नाही, तिथं नको उभी राहूस, झेरॉक्स मशीनची सगळी गरम हवा तोंडावर येईल — ये इकडं, स्टूल घे, त्यावरचे कागद उचल आणि ठेव काउंटरवर — उलटे ठेव, उलटेच ठेव, सकाळपासून तोच चेहरा बघतेय मी. ड्रायव्हर लोकांची संघटना आली, शंभर कॉपी. कॉलेजची पोरं आली, दोनशे. समोरच्या बँकेतला मॅनेजर, एरवी शिपायाच्या हातून कागद धाडतो, आज स्वतः आला, म्हणाला गेटवर लावायचाय, आणि इथं माझ्यासमोर रुमाल काढून रडला — एवढा जाडजूड माणूस! सगळ्यांना तोच फोटो हवा. ते टीव्हीवरच्या बातम्यांतले दादा कट्ट्यावर बसलेत, माईक बाजूला ठेवलाय, आणि खाली मोठ्या अक्षरात ती ओळ — ‘ताई, काही खाल्लं का?’ आता ती ताई म्हणजे मी, कॉपी काढून देणारीच, हे एकालाही कळलं नाही. कळणार कसं? फोटोत माझा खांदाच तेवढा आलाय. खांदा आणि वेणीचं टोक. टोनर संपत आला की तेही जातं.

तू मात्र बरोबर शोधलंस. पत्ता कुणी दिला — लेकीनं? वाटलंच. तुमच्या चॅनलच्या ऑफिसबाहेर दादांच्या अंत्यदर्शनाच्या रांगेत उभी आहे ना सकाळपासून, तिथं भेटली असेल. काय म्हणाली, माझी आई बोलेल? हो, ती म्हणणारच. तिचा मामा गेलाय. मामाच म्हणायची ती दादांना. सख्खा मामा आहे तिला एक, पण तो बिचारा नुसता लग्नाकार्यात भेटणारा — हा मामा रोज टीव्हीतून भेटायचा. जेवायला बसली की, आई, मामा लाव. यंदा तिनं पत्रकारितेला नाव घातलं, ते कुणामुळं? ‘मी पण माईक खाली ठेवणार, आई.’ अगं, म्हटलं, आधी हातात तर येऊ दे.

बोलते मी, बोलते. दोनच मिनिटं ना? काय म्हणू — भावासारखे होते, असं म्हणू? सगळे तेच म्हणताहेत. परवा सकाळी बातमी आली, स्टुडिओच्या जिन्यात बसले ते उठलेच नाहीत, तेव्हा मी हा शटरचा दांडा धरून इथंच खाली बसले होते. खोटं नाही सांगत. ह्यांच्या वेळी रडले नव्हते एवढी रडले. आमचे हे गेले तेव्हा लेक चार वर्षांची होती, रडायला सवड कुठं होती — परवा मिळाली. परवाचा अख्खा दिवस मी रडले आणि काल दुपारी साडेतीनला थांबले.

नको, कॅमेरा नको लावूस अजून. आधी नुसती ऐक.

तू तेव्हा किती वर्षांची होतीस? आठ? म्हणजे तू बातमीतला तो आमचा तुकडा नंतरच बघितला असशील. दुपारी बाराच्या सुमाराला कारखान्याच्या पॅकिंग शेडचं छप्पर खाली आलं. हे आत फोर्कलिफ्ट चालवत होते. मी एक वाजता पोचले तर गेट बंद, बाहेर आम्ही पन्नास-साठ बायका, पोलीस म्हणतात, इकडंतिकडं पळू नका, तीन हॉस्पिटलांत नेलंय लोकांना, यादी इथंच येईल, इथंच थांबा. वजनकाट्याशेजारी एक कट्टा होता, त्यावर बसले. तिनाच्या सुमाराला दादा आले. तेव्हा त्यांना कोण ओळखत होतं — एक उंच बारीक माणूस, बुटांना चिखल लागलेला. मला नाव विचारलं. ह्यांचं नाव विचारलं. वहीत लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं, बरोबर ना ताई? — बरोबर, म्हटलं. हे लक्षात ठेव. नाव त्यांच्याकडं होतं. तिनालाच होतं.

मग तो तुकडा. तो तुला पाठच असेल, तुम्हाला शिकवतात म्हणे तो. येऊन बसतात, माईक बाजूला ठेवतात, ‘ताई, काही खाल्लं का?’ — मी नुसती बघते त्यांच्याकडं — मग मी विचारते, ‘यादी आली का दादा?’ — आणि ते मान हलवतात. नाही. आणि मग कुणीच काही बोलत नाही. एकवीस सेकंद. लोकांनी मोजलीत, मी नाही मोजली. आणि कोपऱ्यात वेळ आहे बघ, पाच वाजून पाच मिनिटं. चौदा वर्षं तो तुकडा बघतेय मी, त्या कोपऱ्याकडं कधी लक्ष गेलं नव्हतं.

सहा वाजता तेच आले, म्हणाले, ताई, चला, माझ्या गाडीतून चला. दुसऱ्या कुठल्या पत्रकारानं नेलं असतं गं? दार उघडून बसवलं मला. हॉस्पिटल काय लांब नव्हतं, चालत पंधरा मिनिटं. पोचलो तर चादर वरपर्यंत ओढलेली. तिथली नर्स — वाईट नव्हती ती, दमली होती नुसती — म्हणाली, अहो, थोडं आधी यायचं होतं, मघापर्यंत विचारत होते, आली का, आली का.

चौदा वर्षं मी स्वतःला खाल्लंय त्यावरून. का बसले मी कट्ट्यावर? पोलीस म्हणाला म्हणून बसले? तीनच तर हॉस्पिटलं होती, एकेक पालथं घातलं असतं! सासूबाई जाईपर्यंत बोलल्या मला, कॅमेऱ्यासमोर बसलीस तिथं. मी ऐकून घेतलं. खरंच होतं ना ते — बसलेच होते मी.

हां, तर काल. काल दुपारी, हा टीव्ही बघ वर, हा चालूच होता, तुमच्याच चॅनलवर श्रद्धांजलीचा कार्यक्रम. त्यांचा तो जुना कॅमेरामन आला होता, आता केस पांढरे झालेत, मी ओळखला आवाजावरनं. रडत होता. खरं रडत होता, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो म्हणाला — माझ्या हातात कुणाच्यातरी भाडेकराराचे कागद होते — म्हणाला, सर किती मोठे होते सांगतो. त्या दिवशी हॉस्पिटलातल्या क्लार्ककडून सरांना यादीची झेरॉक्स मिळाली होती. साडेचारलाच. कुणाकडंच नव्हती. दुसऱ्या कुणी धडाधड वाचून दाखवली असती. सरांनी घडी घातली आणि खिशात ठेवली. म्हणाले, त्या ताईंच्या नवऱ्याचं नाव आहे, आधी त्यांना सांगितल्याशिवाय वाचायची नाही. आणि दीड तास सरांना सांगायची हिंमतच झाली नाही हो. ते ओझं खिशात घेऊन सर त्यांच्याशेजारी बसले. — आणि सगळा स्टुडिओ रडला. ती निवेदिका रडली. इथं दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी डोळे पुसले.

मी नाही पुसले. कारण त्या कॅमेरामनला एक माहीत नाही, तुम्हाला कुणालाच माहीत नाही, ते माझ्याकडं आहे. थांब, दाखवते. ह्या ड्रॉवरमध्येच असतं — हे बघ. मृत्यूचा दाखला. विम्याला ह्याची कॉपी, पेन्शनला कॉपी, शाळेत कॉपी, किती वेळा ह्याच काचेवर पालथा घातलाय मी तो, डोळे मिटून वाचीन. वेळ बघ. वाच ना. — पाच चाळीस.

कळलं? साडेचारला जी यादी आली ती मेलेल्यांची कशी असेल? भरती केलेल्यांची होती ती. हे जिवंत होते. साडेचारला जिवंत, पाच वाजून पाच मिनिटांनी जिवंत — मी विचारलं, यादी आली का दादा, सगळ्या जगासमोर विचारलं मी त्यांना — आणि खिशात यादी घेऊन त्यांनी मान हलवली. चालत पंधरा मिनिटं गं. धावत गेले असते तर आठ. आणि हे तिथं आत विचारताहेत, आली का, आली का.

नाही, हे गेलेच असं दादांना वाटलं असेल, असं म्हणू नकोस. रात्रभर मीच म्हणून बघितलं ते. ‘गंभीर’ लिहिलं असेल पुढं, त्यांना वाटलं असेल कशाला हिला — किंवा खरंच हिंमत झाली नसेल — किंवा तुमची सहाची बातमी होती ना, तोवर मी कट्ट्यावर हवी होते? मला काय माहीत! कुणाला विचारू? ज्याला विचारायचं तो गेला, आणि त्याच्याच दोनशे कॉपी काढून देतेय मी. शिवी द्यायची म्हटली तरी माणूस समोर लागतो.

आणि फोन करायचे ते. दर वर्षी, त्याच तारखेला, चुकले नाहीत. लेकीच्या अभ्यासाचं विचारायचे, तिच्या प्रवेशाला पत्रसुद्धा त्यांनीच दिलं. आणि दर वेळी मध्येच म्हणायचे, ‘ताई, एक सांगायचं होतं’ — मी म्हणायची, बोला ना दादा — की म्हणायचे, ‘काही नाही. काही खाल्लं का?’ आणि हसायचे. मीही हसायची, मला वाटायचं आमच्यातली गंमत आहे ती! मी शेजारणींना कौतुकानं सांगायची. फोन कधी यायचा सांगू? साडेचारला. मी म्हणायची, सहाची बातमी असते ना, म्हणून त्याआधी मोकळे असतील.

भाऊ म्हटलं गं मी त्याला. भाऊ! माझा भाऊच असता तर गळा धरला असता.

— काय? काय बघतेस? गेलाच ना हात फोनकडं. मी मघाशीच बघितलं, डोळे बघ कसे चमकले तुझे. राग नाही हो तुझ्यावर, तुमचं कामच ते. ‘लोकांना कळायला हवं.’ हो, कळू दे की, मला काय कुणाची भीती आहे? पण तिकडं रांगेत कोण उभी आहे? छातीशी तोच फोटो धरून? तिथं बाहेर मोठा पडदा लावलाय तुम्ही, हे तुझ्या ह्या फोनमधनं त्या पडद्यावर जायचं, आणि माझ्या लेकीनं ते हजार माणसांत उभं राहून ऐकायचं? की तुझा बाप तुझ्या आईची वाट बघत होता, आणि तुझ्या मामानं —

कालपासून तिच्याशी धड बोलले नाही मी. सकाळी निघताना म्हणाली, आई, तू नाही येत? म्हटलं, दुकान आहे. म्हणाली, आज पण? असं बघितलं माझ्याकडं, जसं काही मीच दगड. बाहेर पडेपर्यंत दहादा तोंड उघडलं मी. दाखला इथंच होता ड्रॉवरमध्ये. नाही बोलता आलं. वाटलं, आज नको, आज रडू दे तिला, उद्या सांगू —

नाही. आधी तिला. कॅमेऱ्याच्या आधी तिला, आत्ता. एवढं तरी मला जमायला हवं की नको? तू बस. शूट करू नकोस, हात वर ठेव काउंटरवर, मला दिसू देत. लावते फोन. बस तू.

हॅलो — हां बाळा, मीच — आली गं, बसलीय समोर, हो, चांगली आहे — आवाज का असा येतोय, रडतेयस? — किती माणसं राहिली पुढं? — बरं — बरं — अगं ऐक ना, जरा बाजूला येतेस का — नाही, रांग नको सोडूस, तशीच ऐक — एक सांगायचं होतं तुला — हो, येतंय ऐकू — मामाचं नाही — म्हणजे — तुझ्या बाबांचं —

नाही, काही नाही.

काही नाही गं. काही खाल्लंस का?

…

ऊठ बाई. दुकान बंद करायचंय मला.