दोन विहिणी, एक होडी

तानाबाई : जेवणाखाण्याचं ऱ्हाऊ दे रं बाबा. बोट एकदा सुटली की मधी कुटं उतरता येतंय का, तेवढं सांग.

प्रभुलिंग : मधे? मावशी, मधे समुद्र असतोय की. मधे कुठं उतरणार?

तानाबाई : म्हंजे रुसून उतरायचं म्हटलं तरी उतरता येत न्हाय?

प्रभुलिंग : नाही.

तानाबाई : विहीणबाई, धंदा चांगला दिसतोय ह्येंचा.

बजाबाई : आन मोबाईल? तितं रेंज असती का?

प्रभुलिंग : कड्यांच्या खाली गेलं की रेंज जाते. गुहेत तर अजिबात नाही. लोक मागाहून तक्रार करतात, म्हणून मी आधीच सांगून टाकतो.

बजाबाई : तक्रार कशाची री? आमाला रेंज न्हाय तीच पायजे.

(सोलापुरातलं प्रभुलिंगचं सहलीच्या बुकिंगचं ऑफिस. टेबलावर कोकणातल्या तीन बोटींचे फोटो, मागं उंच कडे, कड्यांच्या पायाशी पाण्याच्या गुहा. समोर बसलेल्या दोघी एकमेकींच्या विहिणी : मुलाची आई तानाबाई मोहोळची, मुलीची आई बजाबाई कर्नाटकच्या सीमेवरल्या दुधनीची, बोलताना मधेच कानडी शब्द येणारी. बजाबाईचं अर्धं लक्ष दाराकडं आहे. ओळखीचं कुणी आत डोकावलं तर काय, या धास्तीनं तानाबाईचाही जीव वरखाली होतोय. पण तसं दाखवील तर ती तानाबाई कसली!)

प्रभुलिंग : मावशी, राग मानू नका. लोक इथं येऊन विचारतात, लाइफ जॅकेट मिळतं का, उलटी होते का. पळून जाता येतं का हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. न्यायचंय तरी कुणाला?

तानाबाई : नवरा-बायकूला. माजा अभिमन्यू, ठिबकचं दुकान हाय त्याचं मोहोळात. आन ह्येंची दिपाली. माघात लगीन लावलं. पोरगी पंचमीला म्हायेरी गेली ती आजून परतली न्हाय. आता दिवाळी आली तोंडावर. पयला दिवाळसण, आन जावई सासरवाडीला जाईना, सून सासरी येईना. गाव काय म्हनंल?

बजाबाई : गावाचं सोडा री. गाव चार दिस बोलंल आन गप बसंल. ह्या दोगांचं मन एकदा विटलं तर परत कोन जोडनार? पोरगी रातच्याला भिंतीकडं तोंड करून पडती. मी विचारलं तर म्हनती झोप आलीया. झोप आलेलं मानूस नाक वढतंय व्हय?

प्रभुलिंग : भांडण झालं कशावरून?

तानाबाई : सांगा की, विहीणबाई.

बजाबाई : तुमी सांगा. तुमी वरमाय हाय. मान तुमचा.

तानाबाई : आमच्यावरनं झालं.

प्रभुलिंग : तुमच्या दोघींवरून?

तानाबाई : लग्नात मी रुसले.

प्रभुलिंग : का? काय कमी पडलं?

तानाबाई : कमी कशाला पडाया पायजे? वरमाय हाय मी! रुसायला कारन लागतंय व्हय? पंगत वाढली, मी ताटावरनं उठले आन मांडवाभाईर जाऊन बसले.

बजाबाई : आमचं आदल्या दिशीच ठरलं हुतं री. ह्या रुसनार, मी मनवनार, मग दोगींनी एकमेकीला गान्यातनं शिव्या घालायच्या. आमच्या आयांनी केलं, त्येंच्या आयांनी केलं. त्येच्याबिगर लगीन लागल्यावानी वाटतंय का?

तानाबाई : ह्येंनी गायलं, विहीण माजी ढालगज, पाटावर मावंना! सगळा मांडव हसतोय.

बजाबाई : आन ह्या काय कमी हायत? म्हनल्या, विहिणीच्या वरनात बुडी मारली, पर डाळ काय गावंना!

तानाबाई : ते मला ऐन वक्ताला सुचलं हुतं.

बजाबाई : चांगलंच सुचलं हुतं. मी हसून हसून पदरानं डोळं पुसलं. आन नेमकं तेवढंच कुनी तरी मोबाईलवर धरलं.

तानाबाई : ते दोन्ही घरच्या ग्रुपवर फिरलं. झालं. दिपाली म्हनाली, तुमच्या आईनं माज्या आईला भर मांडवात रडवलं. अभिमन्यू म्हनाला, तुज्या आईनं माज्या आईला जाडी म्हटलं. तिकडनं सुरू झालं ते वाढतच गेलं.

प्रभुलिंग : अहो, मग सांगून टाकायचं ना, ही आपली रीत आहे, गंमत होती म्हणून!

बजाबाई : सांगितलं की. तर गळ्यात पडली माज्या. "आई, तू माज्या संसारासाठी किती सोसतीस!" म्हनली.

तानाबाई : माजा म्हनाला, "आई, तू थोर हायेस. तू माफ केलंस, पन मी करनार न्हाय."

प्रभुलिंग : मग तुम्ही काय म्हणालात?

तानाबाई : काय म्हननार? पोटच्या पोरानं जल्मात पयल्यांदा थोर म्हटलं. मला मोडवंना.

बजाबाई : विहीणबाई!

तानाबाई : चुकलंच माजं. म्हनून तर आले न्हवं हितं, दाताच्या डाक्टरकडं जाते म्हनून थाप मारून. दाव बाबा बोटी.

प्रभुलिंग : ही पहिली. सगळ्यात फेमस. दुमजली, गाणी, डान्स, फिश थाळी, व्हेजपण आहे. कडे लांबून दाखवते, पण एकदम कम्फर्ट.

तानाबाई : दुमजली? एक वर जाऊन बसंल, एक खाली. ते घरी फुकट करत्यात. फुली मार.

प्रभुलिंग : बरं. मग ही बघा, कयाक. दोघांचीच नाव. दोघांनी वल्ही मारायची. दोघांचं वल्हं जुळलं की सरळ पुढं जाते. एकानं इकडं, दुसऱ्यानं तिकडं ओढलं, की जागच्या जागी गोल फिरते.

तानाबाई : आगं बाई! ही ब्येस हाय. जुळवून घेतल्याबिगर घरीच यायचं न्हाय.

बजाबाई : आन न्हाय जुळवून घेतलं तर?

प्रभुलिंग : तर फिरत राहते.

बजाबाई : मग नको. दोगं बी असली हट्टी हायत, शिमग्यापतुर गोल फिरतील.

प्रभुलिंग : मग राहिली ही. लहान होडी. फळीवर दाटीवाटीनं बसायचं. पाणी उतरलं की ही थेट गुहेच्या आत जाते. आत काळोख, वर पाकोळी पक्षी फिरतात आणि जे बोलाल ते घुमून परत ऐकू येतं.

तानाबाई : म्हंजे भांडलं की भांडन परत ऐकू येतंय?

प्रभुलिंग : शब्द न् शब्द.

तानाबाई : हीच. काळोख झाला की पोरगी भिऊन त्याचा हात धरंल, आन हात धरला की निम्मं काम झालं.

बजाबाई : कोन भिईल? माजी पोरगी? रातच्याला विहिरीवर मोटर चालू कराया ती एकटी जाती. भ्यायचं आसंल तर तुमचा ल्योक भिईल.

तानाबाई : माजा ल्योक! माजा ल्योक कशाला भितोय?

बजाबाई : वरातीत फटाका वाजला तवा नवरीच्या मागं कोन लपलं हुतं?

तानाबाई : त्यो लपला न्हवता! फेटा नीट करत हुता!

बजाबाई : नवरीच्या मागं जाऊन?

तानाबाई : तुमच्या पोरीचं सांगू का मग? पयल्याच दिशी चा केला, त्यात साखरच न्हाय. सासऱ्यानी आजारपनाचा काढा समजून पिला.

बजाबाई : तुमच्याच घरात साखरेचा डबा कुलपात!

तानाबाई : कुलपात हुता कारन मुंग्या...

प्रभुलिंग : मावशी, मावशी! हे गाणं आहे का भांडण?

तानाबाई : ह्ये जरा खरंच हुतं.

बजाबाई : जराच हुतं. चा घ्या, विहीणबाई. माज्या कपातला निम्मा वता तुमच्याकडं.

तानाबाई : आना हिकडं. तर ही होडी ठरली म्हना.

प्रभुलिंग : होडी ठरली, पण ती दोघं तिथवर येणार कशी? एकमेकांचं तोंड बघत नाहीत ना?

तानाबाई : त्येचं बी ठरलंय. मी अभिमन्यूला म्हननार, मला मरायच्या आधी एकदा समुद्र दाव. ह्या दिपालीला त्येच म्हननार. चौघांची बोटीपाशी गाठ पडायची. त्ये दोगं आधी चढतील, आमाला हात द्यायला. त्येवढ्यात तुमचा होडीवाला होडी सोडंल. आमी काठावर.

बजाबाई : मला तर त्या काठावर उभं ऱ्हायाचीच भीती वाटती री. आमच्या दुधनीत पानी म्हंजे हापशाचं.

प्रभुलिंग : प्लॅन चांगलाय. एकच अडचण आहे.

तानाबाई : कसली?

प्रभुलिंग : त्या दोघांच्या डोक्यात काय आहे? आपल्या आया एकमेकींच्या जिवावर उठल्यात. आता होडी सुटली आणि काठावर तुम्ही दोघी एकट्या, समोरासमोर. ती पोरं गुहा बघतील का? भांडण सोडवायला पाण्यात उड्या टाकतील की!

बजाबाई : अय्य! खरं हाय री.

तानाबाई : टाकतील. माज्याला तर पवता बी येत न्हाय, तरी टाकंल. थोर म्हटलंय न्हवं मला.

प्रभुलिंग : म्हणजे तुम्हालापण बसावं लागणार होडीत. चौघांनी.

बजाबाई : मी? त्या फळीवर? काळोखात? बेडा री, नको, नको.

तानाबाई : मी तरी काय पान्यातली हाय? उजनीचं धरन बी मी एसटीतनंच बगितलंय. का रं, तू गेला आसशील की ह्या होडीतनं. कसं वाटतंय?

प्रभुलिंग : मी? मला एसटीतच मळमळतं, मावशी.

तानाबाई : आन लोकांना पाठवतोस! बरा हायेस की!

बजाबाई : थांबा, फोन वाजतोय माजा. दिपाली हाय. गप बसा हं दोगं. हां, बोल. एन यवा, काय गं? मी व्हय? मी चष्म्याच्या दुकानात. हौदु, व्हय, नंबर काढतेय. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावल्यात, वाचतेय की.

तानाबाई : वाचा की मग! अ, आ, इ...

बजाबाई : हसू नका वो! न्हाय गं, तुला न्हाय म्हटलं. कोन हसतंय म्हंजे? दुकानदार हाय. इल्ला, न्हाय गं, बाई कशाला आसंल? तुजा भास हाय.

तानाबाई : मला ऱ्हावंना, विहीणबाई. दुकानदारच की मी!

बजाबाई : वळकलं तिनं. तुमचं हसनं चार गावात वळकू येतंय. आता काय सांगू?

प्रभुलिंग : खरं सांगा, मावशी.

बजाबाई : दिपाली, ऐक. व्हय, त्याच हायत. तुजी सासू. न्हाय गं, मारामारी न्हाय. मी रडत न्हाय, शप्पत! त्या बी रडत न्हायत. एका कपातला चा दोगी पितोय. हे बग, लग्नात बी मी हसतच हुते. आता तरी पटलं का?

तानाबाई : काय म्हनती?

बजाबाई : थांबा. फोन ठेवला न्हाय आजून. दिपाली? आं? काय विचारू?

तानाबाई : काय विचारती?

बजाबाई : विचारतीया, त्येंचा खोकला थांबला का?

तानाबाई : कुनाचा?

बजाबाई : तुमच्या लेकाचा. ती पंचमीला निघाली तवा खोकत हुता म्हनं.

तानाबाई : ते कवाच... त्याला दोन दिसात...

बजाबाई : विहीणबाई, हाय म्हना की!

तानाबाई : हाय! लई हाय! रातभर खोकतोय म्हनावं. शेजारचं बी झोपत न्हायत.

बजाबाई : ऐकलंस न्हवं? व्हय, आजून हाय. आं? ती म्हनती, आल्याचा काढा दिला का? तुमी काढा लई कडू करता, त्यो पीत न्हाय म्हनं.

तानाबाई : कडूच करते मी. जमतच न्हाय मला. सांगा तिला, तुजी सासू काढा इखासारखा करती.

बजाबाई : सांगितलं. थांबा. म्हनती, उद्या सकाळच्या गाडीनं मोहोळला येते. खोकल्यापुरतीच येते, दुसरं काय न्हाय म्हनं. हां, बा गं, ये. ठेवला फोन.

तानाबाई : खोकल्यापुरती! आता घरी जाऊन त्या ठोंब्याला खोकायला शिकवायला पायजे.

बजाबाई : शिकवा री. चांगला छातीतनं काढू द्या.

तानाबाई : दिवाळीपतुर खोकंल की! न्हाय खोकला तर मी मिरच्या भाजते. अगं बाई, पदर कुटं गेला माजा? आता मातूर मी खरंच रडाया लागले.

प्रभुलिंग : छान झालं, मावशी. म्हणजे आता बोटीचं रद्द समजू?

तानाबाई : रद्द? न्हाय, ते... विहीणबाई, तुमी काय म्हनताय?

बजाबाई : ती दोगं घरी भांडू देत, न्हाय तर काढा पिऊ देत. आमा दोगींची नावं घाला.

तानाबाई : तुमी? त्या काळोखात? मगा तर नको नको म्हनत हुता.

बजाबाई : भ्याले तर तुमचा हात धरीन. एवढंच करा बाबा, जागा शेजारी शेजारी द्या. लगीन होऊन इतकं दिस झालं, पर चारचौघांत आमी आजून एकदा बी शेजारी बसलो न्हाय.