अभिमन मराठीत नापास

…आणि इंग्रजीत पास! संस्कृतात पास! ज्या तर्कशास्त्रात निम्मा वर्ग गारद झाला, त्यात पास! आणि नापास कशात, तर मराठीत! तुम्हाला सांगतो, आमचा अभिमन, यावलकडच्या केळीच्या बागेत वाढलेला पोरगा, पुण्यात जाऊन मराठीत नापास… ह्यात त्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

हे छत्तीस-सदतीस सालातलं. गावातून मॅट्रिक झालेला हा पहिलाच. त्याचे वडील सुकदेव आबा म्हणाले, आता बी.ए. करायचाच. भुसावळच्या फलाटावर अर्धं गाव पोचवायला आलं, त्यात भडगावची मंडळीही होती, कारण त्यांच्या मुलीचं ह्याच्याशी बोलून ठेवलेलं होतं. 'बी.ए. झाला का लगेच हळद!' गाडी हलली, आई भिकुबाई पदराला डोळे पुसत राहिली आणि अभिमन निघाला विद्वान व्हायला.

कॉलेजचा पहिला दिवस. हजेरी चाललेली. नावं येतायत, पोरं ऐटीत 'प्रेझेंट सर' म्हणतायत… आणि 'पाटील अभिमन सुकदेव' असा पुकारा झाल्याबरोबर ह्याचं इंग्रजी पळालं कुठच्या कुठं, आणि तोंडातून काय निघालं? 'शे!' म्हणजे आहे हो, आमच्याकडं आहेला शे म्हणतात! पण वर्ग असा हसला, असा हसला, की त्या दिवसापासून पोराचं नावच 'शे' पडलं. खानावळीत बसला की पलीकडून आवाज, 'काय शे, भात शे का पोळी शे?' बिचाऱ्यानं तोंडच मिटलं. बोलायचं तर आधी मनात शुद्ध वाक्य जुळवायचं, 'मला… थोडी… आमटी… वाढता का?', आणि वाक्य जुळेपर्यंत वाढपी ताकापर्यंत पोचलेला! उपाशी उठायचा हो! ह्यात त्याचं काय चुकलं?

मराठीचे प्रोफेसर निगुडकर. सोनेरी काड्यांचा चष्मा, भाषाशास्त्रातला मोठा माणूस. अभिमनच्या निबंधात एकदा चुकून 'मना बाप' असं पडलं. माझा बाप, दुसरं काय! निगुडकरांनी वही उंच धरली. 'पाटील, मनाचा बाप म्हणजे नेमका कोण? आत्मा का? हा निबंध शेतीवर आहे, वेदान्तावर नाही!' वर्ग पुन्हा लोळला. अभिमन खाली मान घालून बसला. रात्री पडून 'माझा बाप, माझा बाप' असं घोकायचा, आणि खोलीतला सोबती हिलाल, हा धुळ्याचा, पण पुण्यात मुरलेला, म्हणायचा, 'झोप रे, तुझाच बाप आहे, कोणी नेत नाही.'

आणि एक दिवस तो बाप पुण्यात हजर! डोक्याला पागोटं, खांद्यावर केळीचा घड, होस्टेलच्या पायरीवर बसून खणखणीत आवाजात, 'कशा शे रे आंडोर? बठ्ठा लोके तुनी याद काढतस!' सगळे तुझी आठवण काढतात म्हणे! अभिमनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि नेमके त्याच वेळी निगुडकर तिथून चाललेले. ते थबकले. अभिमननं डोळे मिटले, आता आली पंचाईत… पण निगुडकर कसले, बसले हो पायरीवर आबांच्या शेजारी! खिशातून कागद काढले, पेन्सिल काढली. 'काय म्हणालात? आंडोर? म्हणजे मुलगा? अहाहा! केवढा प्राचीन शब्द!'

बघा आता! पोरगा बोलला की चूक, आणि बाप बोलला की प्राचीन!

मग सुरू. पागोट्याला काय म्हणता, विहिरीला काय म्हणता… आबा खूश. शेवटी निगुडकरांनी केळ्याकडं बोट केलं, 'आणि ह्याला?' आबांना वाटलं, मास्तरला भूक लागलीये, मागायला लाजतोय. त्यांनी मायेनं एक केळं मोडून पुढं केलं. 'खाई ल्या!'

खाऊन घ्या म्हणाले हो! निगुडकरांनी लिहिलं, 'खाईल्या: केळे.' 'पुन्हा म्हणा बरं.' आबांनी आणखी चार पुढं केली. 'खाई ल्या, खाई ल्या ना!' 'वा! अनेकवचनही तेच!'

अभिमनला राहवेना. 'सर, ते…' निगुडकरांनी हात वर केला. 'पाटील, मध्ये बोलू नका. मी अस्सल बोली ऐकतोय!' ते गेल्यावर आबा म्हणाले, 'मास्तर भला शे. पन नुसता लिखस, खास नही.' नुसता लिहितो, खात नाही म्हणे!

पुढं त्याचा लेख झाला, लेखाचं पुस्तक झालं, शाल मिळाली. संस्कृत कदली, तिचं कअली, कअलीचं खाइली, आणि खाइलीचं खाईल्या! आणि ते पुस्तक कुठं लागलं? बी.ए.ला! अभिमन धीर करून त्यांच्या घरी गेला. 'सर, आबा तुम्हाला केळं खा म्हणत होते.' निगुडकर हसले, अगदी प्रेमानं. 'पाटील, तुम्ही त्या बोलीत राहता, म्हणून ती तुम्हाला दिसत नाही. अभ्यासायला बाहेरचाच लागतो.'

परीक्षेत प्रश्न आला, 'खाईल्या ह्या खानदेशी नामाची व्युत्पत्ती द्या.' अभिमननं लिहिलं, हे नाम नाही, हा आग्रह आहे. नापास! पेपर तपासायला निगुडकरच. ह्यात त्याचं काय चुकलं?

दुसऱ्या वर्षी हिलालनं हात जोडले. 'अरे कदली लिही, सुटशील! भडगाववाले किती थांबतील?' अभिमननं ते सगळं पाठ केलं, तोंडपाठ. प्रश्नही तोच आला. टाक दौतीत बुडवला, 'कदली' लिहिलं… आणि त्याला दिसले आबा, पायरीवर, केळं पुढं धरलेले, आणि तो मास्तर ते घेत नाहीये. त्यानं 'कदली' खोडलं. पुन्हा तेच लिहिलं, गेल्या वर्षीचं. मग टाक ठेवला आणि रडला तो, भर हॉलमध्ये.

भडगावच्या मुलीचं त्याच उन्हाळ्यात चोपड्याला लग्न झालं. अभिमन ट्रंक घेऊन घरी आला.

'कोनता विषयमा गया रे?' आबांनी विचारलं.

'मराठीत… म्हणजे आपल्याच बोलीत, आबा.' आणि त्यानं सगळं सांगितलं. त्याला वाटलं, आबा हसतील, नाहीतर मास्तरला चार शिव्या तरी देतील. पण आबा हळूच म्हणाले, 'येवढा मोठा मास्तर… तेनं छापेल शे. तो कसा चुकी? आपुनच बठ्ठा चुकीचं बोलतस व्हई.'

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, ते घर गप्प झालं. बोलायच्या आधी जो तो घुटमळतो. परवा मी आणि अभिमन ओट्यावर बसलो होतो, आतून भिकुबाईंनी हाक मारली, 'अभिमन, जेवाले ये…' आणि मध्येच थांबल्या. दारात येऊन घाबऱ्याघुबऱ्या त्यालाच विचारतात, 'जेवाले… बरोबर शे ना रे भाऊ?'

अभिमन मान वर न करता म्हणाला, 'मले नको इचारू, माय. मी नापास शे.'