झिपऱ्याचा जबडा

जनावरांच्या दवाखान्यात माझा नंबर सातवा होता. आतून एक बाई पिशवी सांभाळत बाहेर आल्या आणि माझ्या शेजारच्या माणसाला पाहून थबकल्या.

"भावोजी, तुम्ही इथं? बरं झालं. डॉक्टरांनी काय लिहून दिलंय, वाचा."

"से... लेनो... डॉन्ट. म्हणजे काय, वहिनी?"

"दाढांवर चंद्रकोरी असतात म्हणे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या."

"कुणाच्या दाढा?"

"आमच्या झिपऱ्याच्या! गेल्या वर्षी आम्ही बाहेरगावी असताना तो मेला, तुम्ही त्याला पेरूखाली पुरलंत ना? काल झाडाला आळं करताना जबडा निघाला."

"मातीत दात झिजतात हो."

"झिजून कुत्र्याची बकरी होते?"

"शेवटी शेवटी गवत खायचा बिचारा."

"आणि रवंथही करायचा?"

"उगाच संशय घेता, वहिनी. दोन दिवस घास उतरला नव्हता माझ्या घशाखाली."

"ते राहू दे. तुमच्या घरात तर साधं मांजरही नाही. मग नंबर लावून इथं कशाला बसलात?"

"मी... सहजच."

"सहा नंबर!" कंपाउंडरनं दारातून हाक मारली. "झिपऱ्याला गाडीतून आणा आत."